जबड्यातला पांढरा गोळा

हे लिही असं मला कुणी म्हटलेलं नाही. परवा आळंदच्या बाजारात एक माणूस दिसला. तूर घेऊन बसला होता आणि डावा गाल पटक्याच्या टोकानं झाकलेला. मी म्हटलं, "सोड की ते फडकं, बघू दे." तो म्हणाला, "काय न्हाई अण्णा, दाढ दुखायलीय." दाढ दुखणारा माणूस गालावर हात धरतो, गाल झाकत नाही. झाकतो तो भ्यालेला. मीही तसाच झाकून हिंडलो होतो. बाजारात चार माणसांत त्याला सगळं सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा दोन वर्षांची, तीही उर्दू. मराठी अक्षर पुढं घरी गिरवलं. चुका असतील, त्या तशाच ऱ्हाऊ दिल्यात.

*

माझी बायको नीलव्वा श्रावणात गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी नाही. मंठाळात आमची शेती. पोरगा शरणप्पा, सून, नातवंडं, सगळी घरात होती. पण पोरं मला अप्पा म्हणतात, गाव अण्णा म्हणतं. ती मला नुसतं "ऐकलाव का" म्हणायची. ते बंद झालं. भरल्या घरात मला हाक मारायला कुणी उरलं नाही, असं मला वाटायचं. असं बोललो तर सून रडली असती, म्हणून बोललो नाही.

दसऱ्याच्या आधी न्हावी दाढी करायला बसला. डाव्या बाजूला खालच्या जबड्यावर त्याचा अंगठा थांबला. परत फिरवला, परत थांबला. "अण्णा, हितं काय झालंय?" म्हणाला. मी हात लावला. बोराएवढा उंचवटा. दुखत नव्हता. त्याचीच भीती वाटली. दुखणं कळतं, न दुखणारं काय करायचं?

घरी आतून बोट घालून दाबलं तर वाळल्या भोपळ्याचं साल दाबावं तसं आत जायचं आणि परत वर यायचं. बारीक करकर वाजायचं. मी दिवसातून दहादा दाबायचो. तुम्हीही दाबत असाल. दाबू नका, त्यानं काही कळत नाही, नुसतं काळीज खाली जातं.

आमच्या गावात एक तंबाखूवाला तोंडातल्या गाठीनं गेला होता. शेवटी त्याला पाणी उतरत नव्हतं. मी त्याला बघितलं होतं. म्हणून कुणाला सांगितलं नाही. जवसाचं पोटीस करायचं, गरम गरम गालावर ठेवायचं, वरून फडकं गुंडाळायचं. विचारलं तर म्हणायचं, गार वारा बाधला. तीन महिने मी गार वाऱ्यावर काढले. गाठ बोराची लिंबाएवढी झाली.

*

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ती सांगायला मला लाज वाटते, तरी सांगतो.

आम्ही बसवण्णांना मानणारे. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं, म्हणजे वरून काळा लेप चढवलेलं लहानसं दगडी लिंग. लहानपणी अय्या, म्हणजे आमचे जंगम, गळ्यात बांधतात, ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात आणि ज्याचं लिंग त्याच्या हातात देतात. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. नवरा-बायको झाले तरी.

नीलव्वाला खड्ड्यात बसवलं तेव्हा तिच्या हातात लिंग ठेवायला मीच उतरलो. अय्या वरून मंत्र म्हणत होते. माझ्या मनात काय आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी तिचं काढून घेतलं आणि माझं तिच्या हातात ठेवलं. खड्ड्यात अंधार, वर माणसं वाकलेली, माझी पाठ सगळ्यांकडं. कुणाला दिसलं नाही. तिचं माझ्या चांदीच्या करडगीत, म्हणजे लिंग ठेवायच्या डबीत, घातलं आणि वर आलो.

त्या दिवसापासून मी पूजा दार लावून करायला लागलो. तिचं लिंग माझ्यापेक्षा लहान, आणि त्याच्या एका बाजूची काळी कांती मागं उडाली होती. तिचा भाऊ मल्लप्पा यानं ते कल्याणीला नेऊन पुन्हा चढवून आणलं होतं. तो जोड बघणाऱ्याला दिसतोच. शरणप्पा विचारायचा, "अप्पा, दार लावून कामून पूजा करायलाव? आदी आमच्यासंगं बसत व्हताव की." मी म्हणायचो, "तुमचा गलका असतोय."  सगळं घर ओसरीवर बसून पूजा करायचं आणि मी आत एकटा. वाटायचं, आपण तिला तिच्या लिंगावाचून धाडली. तिथं तिला कुणी ओळखलं नसेल तर? आणि तरी तळहातावर ते घेतलं की बरं वाटायचं. दोन्ही खरं आहे.

गाठ आली तेव्हा मनात पहिलं हेच आलं, की ही त्याचीच शिक्षा.

*

मल्लप्पा संक्रांतीला आला आणि त्यानं सरळ फडकं ओढलं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण दांडगा. "दाजी, हे काय लपवायलाव? अक्का असती तर तुमाला कान धरून न्हेली असती." शरणप्पा ज्वारीच्या राशीत गुंतलेला, म्हणून मल्लप्पाच निघाला. बैलगाडीनं हुमनाबाद, तिथून मोटारीनं गुलबर्गा. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशावर चालायची. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. मल्लप्पा म्हणाला, "दाजी, तुमी गाल धरून बसा, मी मोटार ढकलतो." मोटारीतली माणसं हसली. मी हसलो नाही. गाल हलला की फडकं सुटायचं.

दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, उर्दू बोलायचा. मी इथं बहुतेक मराठीतच लिहितो. त्यानं गाठ दाबली, गळ्याखाली चाचपलं, जीभ ओढून बघितली. मग लोखंडाच्या बारीक काडीनं एकेक दात ठोकला. मग काडीचं टोक दिव्यावर तापवून एकेका दाताला लावलं. "लगा?" मी म्हणायचो, व्हय. "लगा?" व्हय. गाठीच्या वरच्या दाताला लावलं, मला काहीच कळलं नाही. परत लावलं. काही नाही.

"ये तो मर गया है. कब मरा?"

"साहेब, मला न सांगता मेला असंल."

डॉक्टर मोठ्यानं हसला. मल्लप्पा हसला. मीही हसलो, श्रावणापासून पहिल्यांदा. मग आठवलं, बऱ्याच वर्षांमागं बैलाचं शिंग त्या बाजूला बसलं होतं. आठ दिवस सुजलं आणि उतरलं, मी विसरून गेलो. डॉक्टर म्हणाला, दात आतून मरतो, वरून कळत नाही. त्याच्या मुळाशी हाडात पाण्याची पिशवी धरते आणि हळूहळू हाड पोखरून फुगते. तसं असेल तर भ्यायचं कारण नाही. पण आत काय आहे ते फोटोशिवाय सांगता येणार नाही. हाडाचा फोटो काढायचं यंत्र होतं तिथं.

*

फोटोची खोली काळी केलेली. फोटोवाला म्हणाला, गळ्यातलं, कानातलं, सगळं काढा, फोटोत येतं.

मी म्हटलं, "लिंग हाय. काढत न्हाईत आमी."

"चांदीची डबी तरी काढा."

मल्लप्पा दारातच उभा. डबी त्याच्या हातात द्यायची तर लिंग बाहेर काढायला हवं, आणि बाहेर काढलं तर तो ओळखणार. मी पाठ फिरवली, डबी उघडली, लिंग मुठीत घेतलं, रिकामी डबी मागं त्याच्याकडं केली. फोटोवाल्याला विचारलं, "गालावरचं फडकं चालंल का? गार वारा लागतोय." तो म्हणाला, कापड फोटोत येत नाही, राहू दे. मग मी ते लिंग हळूच त्या फडक्याच्या घडीत, जबड्याखाली सरकवलं. अंगावरच राहिलं आणि कुणाला दिसलंही नाही. मला वाटलं, फार हुशारी केली.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं फोटो खिडकीला धरला. त्याचं तोंड उतरलेलं. "हे बघा," म्हणाला. मेलेल्या दाताच्या मुळाखाली काळा गोल होता, कडा साफ. "ह्याची मला भीती नाही. पण हे काय?" त्या काळ्या गोलाच्या खालच्या अंगाला एक पांढरा गोळा. अंड्यासारखा, खालून चपटा. "दगडासारखं घट्ट आहे. हाडातूनच वाढत असेल तर हे साधं नाही. इथं होणार नाही. हैदराबादला जावं लागेल. अर्धा जबडा काढावा लागेल, बहुतेक."

मल्लप्पानं भिंत धरली.

मी ओळखलं. बघताक्षणी ओळखलं. चाळीस वर्षं तिच्या तळहातावर ते बघत आलो होतो. तोंड उघडून म्हणायचं एवढंच होतं की साहेब, हे माझ्या हाडातलं नाही. आणि मी गप्प बसलो.

तुम्ही म्हणाल, कसला मूर्ख. बोललो तर मल्लप्पाला कळणार. तो अय्यांना सांगणार. अय्या ते माझ्याकडून काढून घेणार. समाधी उकरायची म्हणतील का काय, हेही डोक्यात. आणि सगळ्या गावात होणार, ह्यानं मेलेल्या बायकोचं लिंग चोरलं. मी हिशेब केला: तीन-चार दात गेले, अर्धा जबडा गेला, तरी ते माझ्यापाशी राहील. म्हातारा माणूस, जबडा कशाला लागतोय? दोन दिवस मी असाच पडून होतो.

शेजारच्या खाटेवर बाबूमियाँ म्हणून एक टांगेवाला, पाय मोडलेला. तो बघायचा. "कायकू चुप पड़े जी, अण्णा? दाँत जारा, जीभ तो है ना. बोलो कुछ."  मी त्यांच्या घरचं खात नव्हतो हे त्याला माहीत होतं. त्यानं कधी आग्रह केला नाही. पण सकाळी दूधवाला आला की त्याला हाक मारून थांबवायचा आणि माझ्या लोट्यात परस्पर ओतायला लावायचा, म्हणजे मला उठावं लागू नये. मला ते दूध अजून आठवतं. दवाखान्यात माणूस अशा गोष्टींवर जगतो.

*

हैदराबादची चिठ्ठी तयार झाली. परवा निघायचं ठरलं. मल्लप्पा खाटेवर येऊन बसला. इतका दांडगा माणूस, नाक पुसायला लागला.

"दाजी, जबडा गेला तर जाऊ द्या. मी तुमाला आंबील पाजीन. वाटून देईन सगळं. पर तुमी ऱ्हायला पायजे. अक्का गेली. मी कुनाच्या घरला जाऊ? तुमच्याच की."

त्याचं मी ऐकत होतो आणि मला कळलं, मी नुसता माझा जबडा देत नाहीये. ह्यालाही फसवतोय. हा माझं तोंड धुणार, आंबील भरवणार, आणि मी त्याच्या बहिणीचं लिंग त्याच्यापासून लपवून गिळत राहणार. ते मला जमेना.

"डॉक्टरला बोलव," म्हटलं.

डॉक्टर आला. मी डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं आणि म्हटलं, "तुमच्या फोटोतलं पांढरं हे हाय. मी फडक्यात ठेवलं व्हतं."

डॉक्टरनं हात लावला नाही. "धरून ठेवा," म्हणाला. फोटो आणला, माझ्या हाताशेजारी धरला. तोच आकार. तसंच खालून चपटं. मग तो जो तापला! "अरे बुढ्ढे, मैं तेरा जबडा काट डालता था! बोला क्यों नहीं?"

मी डॉक्टरकडं बघतच नव्हतो. मल्लप्पा माझ्या तळहातावर वाकला होता. कांतीवरचा जोड त्यानंच चढवून आणलेला.

"हे अक्काचं हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"मग तिच्यापाशी काय हाय?"

"माझं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं भाकरीचा डबा माझ्या उशाशी ठेवला, पटका गुंडाळला. "मोटार हाय मला," म्हणाला आणि गेला. बाबूमियाँ भिंतीकडं तोंड करून पडला. त्याला सगळं कळलं असणार, पण त्यानं कधी विचारलं नाही.

*

दुसरा फोटो काढला. ह्या वेळी लिंग तळहातावर घेऊन हात लांब धरला आणि फडकं काढून ठेवलं. पांढरं काही नाही. नुसता काळा गोल, मेलेल्या दाताच्या मुळाला चिकटलेला.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं. आधी जाड सुई घालून पाणी ओढलं. पिवळसर पाणी, करडईच्या तेलावर ऊन पडावं तसं बारीक चमकत होतं. डॉक्टर खूश. "पिशवीच आहे," म्हणाला. मग सुन्न करायची सुई दिली, दात काढला, आणि आतली पिशवी साल सोलावी तशी सोलून काढली. दुखत नव्हतं. पण हाड खरवडल्याचा आवाज डोक्यात येत होता, तो वाईट. समोरच्या खुर्चीतल्या माणसाशेजारी त्याचं जवळचं माणूस हात धरून बसलं होतं. मी खुर्चीचा दांडा धरला. पोकळीत औषधाची पट्टी कोंबली, ती रोज बदलायची. दहा दिवस नुसतं दूध आणि आंबील, दवाखान्यातली.

शरणप्पाला कळवलं नाही. तो राशीत होता. आणि मल्लप्पानं त्याला काय सांगितलं असेल, ह्याचीही धास्ती होती. घरी गेलो तर कळलं, काहीच सांगितलं नव्हतं. "मामा म्हनले, साधी गाठ हाय, ठीक होतील," एवढंच.

पिशवीचा तुकडा बाटलीत घालून हैदराबादला तपासायला धाडला होता. तीन आठवड्यांनी जबाब ऐकायला मी एकटाच गुलबर्ग्याला गेलो. ते तीन आठवडे सगळ्यात वाईट. काढलेली गाठ चांगली होती का वाईट, हे कळेपर्यंत माणूस ना आजारी, ना बरा. डॉक्टरनं कागद वाचला आणि म्हणाला, "कुछ नहीं है. साधी पिशवी. पुन्हा दात मेला असं वाटलं तर ये." मला इतकं बरं वाटलं आणि सांगायला माणूस नाही. बाबूमियाँही घरी गेलेला. शेवटी मोटारवाल्याला सांगितलं, "माझी गाठ साधी निघाली." तो म्हणाला, "लई बरं झालं. आता चढ आलाय, उतरा."

*

तूरवाल्या माणसाला मला एवढंच सांगायचं होतं. जबड्यातली प्रत्येक गाठ मारणारी नसते. कुठली गाठ कसली ते फोटो आणि दात ठोकून बघणारा माणूस सांगतो, आपलं बोट सांगत नाही, न्हावी सांगत नाही. लवकर जा. मी तीन महिने पोटीस लावत बसलो, तेवढं हाड जास्त पोखरलं. आणि अंगावर, फडक्यात, मुठीत, पोटात जे काही लपवलं असेल ते डॉक्टरला सांगा. त्याला आपलं अंग दिसतं, आपण काय लपवलंय ते दिसत नाही. मी न बोलता हैदराबादला गेलो असतो तर त्यांनी चांगलं हाड कापलं असतं, आणि चूक त्यांची नसती.

*

पूजा मी आता ओसरीवर करतो. शरणप्पानं एकदा माझ्या तळहाताकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि त्याच्या पूजेला लागला. त्याच्या आईचं त्याला ओळखू येणारच. 

मल्लप्पा आला नाही. उगादीला, म्हणजे पाडव्याला, आला नाही. पंचमीला सुनेनं निरोप धाडला, तरी आला नाही. तो अय्यांकडंही गेला नव्हता. गेला असता तर मला कळलं असतं. तो नुसता लांब राहिला. जबडा राहिला आणि माणूस गेला, असं मी धरून चाललो होतो.

श्रावणात नीलव्वाच्या वर्षाच्या दिवशी मी सकाळीच शेताच्या बांधावर समाधीपाशी गेलो. विभूती लावली, बिल्व वाहिलं, बसलो. मागून वहाणांचा आवाज आला. मल्लप्पा. त्यानं नमस्कार केला आणि समाधीच्या पलीकडच्या अंगाला बसला. आमच्यामध्ये ती. बराच वेळ तो गवताच्या काड्या उपटत होता.

"दाजी."

"काय रं."

"तुमी तिच्या हातात ठिवलाव, तवा तिची मूठ मिटून दिलाव का? का तशीच उघडी?"

"मिटून दिली. दोन्ही हातांनी मिटली."

"घट्ट?"

"घट्ट."

तो मान हलवत राहिला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला.

आम्ही घरी आलो. सुनेनं दोघांना एकाच वेळी वाढलं. मला अजून उजव्या बाजूनंच चावावं लागतं, भाकरीला वेळ लागतो. त्याचं ताट आधी झालं. माझं होईपर्यंत तो हात न धुता तसाच बसून राहिला.